कापडावर उतरलेला परिसर : आंरी मातिस यांची उपासनावस्त्रे आणि आपण

कापडावरच्या नक्षीला समीक्षेच्या दरबारात फारसे मानाचे स्थान नाही. काव्य, चित्र, शिल्प यांचा आपण गांभीर्याने विचार करतो. लुगड्याच्या काठाचा, पदराच्या वेलबुट्टीचा, वेदीवरील आच्छादनाचा विचार मात्र 'शोभा' या एका शब्दात आटोपतो. वास्तविक माणसाच्या अंगाला सर्वांत जवळची कला कोणती असेल, तर ती हीच होय. स्नानसंस्काराच्या दिवशी बालकाला आपण शुभ्र वस्त्र पांघरतो, विवाहात वधूला नवे वस्त्र देतो आणि अखेरच्या निरोपातही वस्त्र सोबत असतेच. या दुर्लक्षित कलेतील एका श्रेष्ठ कृतीचा परामर्श घ्यावा आणि तिच्या आधारे आपल्या वेदीवरील व आपल्या घरातील कापडाकडे एकदा चिकित्सक नजरेने पाहावे, असा प्रस्तुत लेखामागचा हेतू आहे.

ही कृती म्हणजे विख्यात फ्रेंच चित्रकार आंरी मातिस (१८६९–१९५४) यांनी मिस्साविधीसाठी कल्पिलेली याजकीय वस्त्रे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यानजीक, डोंगराच्या कुशीत व्हांस नावाचे गाव आहे. तेथील डॉमिनिकन धर्मभगिनींसाठी मातिस यांनी पवित्र जपमाळेला वाहिलेले एक लहानसे प्रार्थनामंदिर घडविले. २५ जून १९५१ रोजी त्याचा पवित्रीकरणविधी पार पडला. प्रकृतीच्या कारणाने मातिस स्वतः त्या समारंभाला उपस्थित राहू शकले नाहीत. भिंतीवरील रेखाचित्रे, रंगीत काचांच्या खिडक्या, वेदी, क्रूस, मेणबत्त्यांची घरे अशा सर्व वस्तूंची कल्पना त्यांनीच केली आणि सरतेशेवटी ते वस्त्रांकडे वळले.

या प्रकल्पामागे एक माणुसकीची कथा आहे. १९४१ साली मातिस यांच्यावर कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढील वर्षी त्यांच्या शुश्रूषेसाठी मोनिक बुर्ज्वा नावाची एक तरुण परिचारिका आली. पुढे ती डॉमिनिकन संघात दाखल होऊन सिस्टर झाक-मारी झाली आणि योगायोगाने व्हांस येथेच, मातिस यांच्या घरासमोरच्या मठात तिचे वास्तव्य झाले. प्रार्थनामंदिराची कल्पना या स्नेहातून अंकुरली. मातिस नित्यनेमाने उपासनेला जाणाऱ्यांपैकी नव्हते. तरीही फादर मारी-अलां कुत्युरिए यांच्यासारख्या डॉमिनिकन धर्मगुरूंनी त्यांना साथ दिली. ख्रिस्तसभेने आपल्या काळातील श्रेष्ठ कलावंतांना दार उघडले पाहिजे, हा कुत्युरिए यांचा आग्रह त्या काळी सर्वांनाच रुचणारा नव्हता.

वस्त्रांचे स्वरूप

मिस्साविधीत धर्मगुरू सर्वांत वर जे वस्त्र परिधान करतो, त्याला आपण चॅझुबल म्हणतो. मूळ लॅटिन 'कासुला' या शब्दाचा अर्थ 'छोटे घर' असा आहे. सर्वांग झाकणारे, घरासारखे वस्त्र ही त्यामागील कल्पना. कालौघात या घराच्या भिंती कापल्या गेल्या. हात मोकळे राहावेत म्हणून बाजू कातरल्या गेल्या, वर जरतारीचा भार चढला आणि शेवटी पुढे-मागे दोन ताठ फळ्या लोंबाव्यात असे त्याचे रूप झाले. आपल्या जुन्या चर्चच्या सामानगृहांतील कपाटांत अशी वस्त्रे आजही आढळतात.

मातिस यांनी हे घर पुन्हा प्रशस्त केले. त्यांची वस्त्रे पसरली असता जवळजवळ अर्धवर्तुळाकार दिसतात. उपासनेच्या रंगांप्रमाणे पांढरा, हिरवा, तांबडा, जांभळा, गुलाबी आणि काळा असे त्यांचे सहा संच आहेत. आजारपणामुळे मातिस यांचा बराच काळ अंथरुणात वा चाकांच्या खुर्चीत जाई. सहायक कागदावर जलरंगाचे सपाट थर देऊन ठेवीत आणि मातिस मोठी कात्री घेऊन त्या रंगीत कागदातून थेट आकार कापीत. पेन्सिलीची पूर्वरेषा नाही, खोडणे नाही. कापलेले तुकडे नीस येथील त्यांच्या निवासाच्या भिंतीवर टाचण्यांनी लावले जात, हलविले जात, पुन्हा लावले जात. अशा वीसएक आराखड्यांतून अंतिम संच निवडले गेले आणि मग ते रेशमात उतरविण्यात आले. एका रंगाच्या रेशमावर दुसऱ्या रंगाच्या रेशमाचे बेतलेले तुकडे जोडून ही नक्षी सिद्ध होते. भरतकामाचा बारकावा येथे नाही. क्रूस, पाने आणि झावळ्या, मासे, फुलपाखराच्या पंखांचा भास देणारे आकार अशी मोजकी, ठसठशीत रूपे वस्त्रभर मोकळेपणी विखुरलेली आहेत.

ही नक्षी आली कोठून ?

सामान्यतः असे मानले जाते की, थोर कलावंत आपल्या प्रतिभेच्या बळावर शून्यातून काहीतरी निर्माण करतो. मातिस यांच्या वस्त्रांचा मागोवा घेतला, तर हा समज टिकत नाही. या नक्षीच्या मुळाशी निदान तीन परिसर आहेत आणि तिन्हींशी मातिस यांचा संबंध दीर्घकाळाचा होता.

पहिला परिसर बालपणाचा. मातिस यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील ल कातो-कांब्रेसी येथे झाला आणि ते जवळच्याच बोअँ या गावी वाढले. त्यांच्या पूर्वजांत विणकर होते आणि बोअँ हे गाव पॅरिसच्या फॅशनगृहांसाठी उंची रेशमी कापड विणण्यासाठी प्रसिद्ध होते. मागांचा खडखडाट आणि रंगीत सुतांच्या लडी या वातावरणात हा मुलगा मोठा झाला. विद्यार्थिदशेतील ओढग्रस्तीच्या दिवसांतही ते कापडाचे तुकडे विकत घेत. छापील सुती, पौर्वात्य पडदे, उत्तर आफ्रिकेतील जाळीदार झुली असा त्यांचा संग्रह आयुष्यभर वाढत गेला. त्यांच्या चित्रांत मेज, स्त्री, फळे यांच्याइतकेच महत्त्व मागच्या पडद्याच्या नक्षीला असते, ते यामुळेच. २००४–०५ मध्ये मातिस आणि त्यांचे कापडसंग्रह या विषयावर ल कातो, लंडन आणि न्यूयॉर्क येथे प्रदर्शन भरले, तेव्हा ही गोष्ट सर्वांसमोर स्पष्ट झाली.

दुसरा परिसर दूरदेशीचा. १९३० साली मातिस ताहिती बेटावर गेले. तेथील उथळ, नितळ समुद्रात त्यांनी पोहून पाहिले. मासे, प्रवाळ, पाणवनस्पती, वर पक्षी असे सारे दृश्य त्यांनी डोळ्यांत साठविले. पण त्यावेळी त्यांच्या हातून त्याचे मोठे असे काही घडले नाही. तब्बल १६ वर्षांनी, १९४६ साली, ते रूप कात्रीतून बाहेर पडले. पॅरिसच्या घरातील भिंतीवर पांढऱ्या कागदाचा एक पक्षी लावला गेला, मग दुसरा, मग मासे, मग शैवाल. लंडनचे कापडछपाईचे उद्योजक झिका ॲशर यांनी ते आकार तागाच्या कापडावर छापून घेतले आणि 'ओशनिया' या नावाने ते भित्तिपट प्रसिद्धीस आले. एखाद्या परिसराचे दर्शन आणि त्याची नक्षी यांमध्ये १६ वर्षांचे अंतर पडावे, ही बाब मला फार मोलाची वाटते. लोणचे मुरावे तसे ते दृश्य मनात मुरले आणि मुरता मुरता त्यातील अनावश्यक भाग गळून गेला. उरले ते शैवालाच्या डोलण्याचे केवळ सार. व्हांसच्या वस्त्रांवरील लहरणारी पाने याच शैवालाची भावंडे आहेत.

मातिस यांच्या भिंतींवर आणखी एक वस्तू टांगलेली असे. आफ्रिकेतील काँगो प्रदेशातील कुबा लोकांचे कापड. एका जातीच्या ताडाच्या पानांतून काढलेल्या धाग्यांचे हे कापड पुरुष विणतात आणि त्यावर स्त्रिया मखमलीसारखे भरतकाम करतात. त्यातील भूमितीय आकृती एका लयीत चालता चालता मध्येच वळण घेतात, चुकल्यासारख्या वाटतात आणि पुन्हा सावरतात. मातिस या तुकड्यांकडे तासन् तास पाहत.

तिसरा परिसर अगदी खिडकीबाहेरचा. प्रार्थनामंदिराच्या वेदीमागील खिडकीत मातिस यांनी 'जीवनवृक्ष' योजिला आहे. हा वृक्ष म्हणजे फुललेला फड्या निवडुंग ! बायबलमधील जीवनवृक्षासाठी एखादा भव्य देवदार वा ऑलिव्ह त्यांना सहज घेता आला असता. त्यांनी त्या किनाऱ्यावरच्या खडकाळ, कोरड्या जमिनीत तग धरून पिवळी फुले देणारी काटेरी वनस्पती निवडली. गंभीर आजारातून उठलेल्या वृद्धाच्या मनात जीवनवृक्षाचे हेच रूप उमटावे, यात मोठा अर्थ सामावला आहे.

गुणविशेष

या वस्त्रांचे मूल्यमापन करताना ती भिंतीवर टांगलेली चित्रे नाहीत, हे ध्यानी ठेवले पाहिजे. आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात यांतील वस्त्रे आहेत आणि व्हॅटिकनच्या संग्रहालयात २०११ पासून मातिस यांच्या प्रार्थनामंदिराच्या आराखड्यांचे स्वतंत्र दालन आहे. काचेआड सपाट पसरलेली ही वस्त्रे सुंदरच दिसतात. परंतु तेथे त्यांचा अर्धाच परिचय होतो. धर्मगुरू हात जोडून उभा असतो, तेव्हा वस्त्राला चुण्या पडतात आणि नक्षी मिटते. प्रार्थनेसाठी तो हात पसरतो, तेव्हा ती उमलते. विधीची गती आणि नक्षीची गती एक होते. फुलपाखराच्या पंखांची उपमा पाहणाऱ्यांना सुचते, ती केवळ आकारामुळे नव्हे; या मिटण्या-उमलण्यामुळेही.

दुसरा गुण रंगयोजनेचा. प्रार्थनामंदिराच्या भिंती पांढऱ्या आहेत. त्यावर संत डॉमिनिक, बाळ येशूसह पवित्र मरिया आणि क्रूसाच्या वाटेची स्थाने काळ्या रेषेत रेखाटलेली आहेत. खिडक्यांत पिवळा, हिरवा आणि निळा असे तीनच रंग आहेत. तांबडा कोठेही नाही, जांभळा नाही, गुलाबी नाही. ते रंग वस्त्रांतून, त्या-त्या उपासनाकाळी येतात. रक्तसाक्षी संताच्या सणाला त्या शुभ्र जागेत तांबडा रंग प्रथमच प्रवेश करतो, तेव्हा त्याचा जो परिणाम होत असेल, तो वर्षभर सर्व रंगांची उधळण पाहणाऱ्या आपल्या डोळ्यांना कल्पनेनेच जाणावा लागेल. वास्तू, प्रकाश आणि वस्त्र या तिघांचा असा एकत्रित विचार दुर्मिळ आहे.

तिसरा गुण संयमाचा. या वस्त्रांवर सोन्याची जर नाही, मोती नाहीत, झालर नाही. शोभा आहे ती कापडाच्या पोताची आणि आकारांच्या मांडणीची. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा संविधान-दस्तऐवज प्रसिद्ध केला. पवित्र कलेत केवळ डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याचा शोध घ्यावा आणि हे वस्त्रांनाही लागू आहे, असा विचार त्यात मांडलेला आहे. मातिस यांची वस्त्रे त्याआधी दहाएक वर्षे या विचाराची प्रचीती देत होती.

उणिवा

एवढे गुणगान केल्यावर काही आक्षेप नोंदविणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते. पहिला असा की, ही नक्षी मागावर जन्मलेली नाही. ती कागदावर जन्मली आणि मग रेशमावर नेली गेली. चित्रकाराने आराखडा द्यावा आणि कारागिराने तो तंतोतंत उतरवावा, या व्यवस्थेत कापडाला स्वतःचे म्हणणे मांडण्याची संधी मिळत नाही. ज्याचे पूर्वज विणकर होते, त्या कलावंताच्या वस्त्रांत विणकराचा वाटा इतका थोडा असावा, याची रुखरुख लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मातिस यांनी ज्यांच्यापासून घेतले, त्यांची नावे कोठे आहेत ? काँगो त्या काळी बेल्जियमच्या अंमलाखाली होता, ताहिती फ्रान्सच्या. ते कापड युरोपात कोणत्या मार्गांनी आले, त्या स्त्रियांच्या बोटांना काय मोबदला मिळाला, याची नोंद कोणी ठेवली नाही. मातिस यांनी त्या आकृतींची नक्कल केली नाही, त्यांच्यापासून लय शिकून घेतली, हे त्यांच्या बाजूने सांगता येईल आणि ते खरेही आहे. तथापि एका बाजूला जगप्रसिद्ध नाव आणि दुसऱ्या बाजूला निनावी हात, हा तोल न्यायाचा नव्हे. सौंदर्याचे ऋण फेडायचे असेल, तर प्रथम ते मान्य करावे लागते.

आणि आपण

आता आपल्या अंगणात येऊ. परिषदेनंतर भारतीय ख्रिस्तसभेत उपासनेच्या भारतीयीकरणाची चर्चा सुरू झाली. १९६९ साली रोमने भारतासाठी बारा मुद्द्यांना मान्यता दिली. त्यांत पारंपरिक रोमन वस्त्रांऐवजी साधा झगा व त्यावर अंगवस्त्रासारखा स्टोल वापरण्याची मुभा आहे. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण मार्गदर्शिकेतही वस्त्रांसाठी त्या-त्या प्रदेशातील नैसर्गिक धाग्यांचे कापड वापरता येते आणि वस्त्राचे सौंदर्य वरून लादलेल्या अलंकारांपेक्षा कापडातून व बेतातून यावे, असे सांगितलेले आहे. म्हणजे दार केव्हाच उघडलेले आहे. त्या दारातून आत काय आले ?

बहुतांशी आले ते बोधचिन्ह. चकचकीत कृत्रिम धाग्याचे कापड, पाठीवर मधोमध यंत्राने भरलेले कमळ किंवा समई, क्वचित दोन्ही. कमळ आणि समई यांत गैर काहीच नाही. प्रश्न असा की, ते कमळ कोणत्या तळ्यातले ? एकाच ठशाचे कमळ कोकणातही चालते आणि पंजाबातही चालते, तेव्हा ते कोणत्याच मातीचे राहत नाही. एका धर्मग्रामाच्या सणाला मला असेच एक वस्त्र घालावयास मिळाले होते. पाठीवरची समई इतकी जड आणि कडक होती की, वाकून वेदीचे चुंबन घेताना तो सारा भाग फळीसारखा वर उचलला जाई. कापड आणि नक्षी यांची तेथे ओळखच झालेली नव्हती.

याउलट आपल्याच भूमीतील एक उदाहरण पाहावे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात कार्यरत राहिलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पवित्र मरियेला साडीत रंगविले. शांतिनिकेतनात शिकलेल्या या कलावंताला त्यासाठी आपल्याच लोकांचा रोष पत्करावा लागला. परंतु त्यांची मरिया पाहताना साडी 'नेसवली' आहे असे वाटत नाही. पदर खांद्यावरून कसा ओघळतो, बाळाला घेतलेल्या हाताखाली निऱ्या कशा गोळा होतात, हे त्यांनी घराघरांतील माउलींकडे पाहून जाणले होते. मातिस आणि फोन्सेका यांच्या शैलींत साम्य नाही. साम्य आहे ते दीर्घ, प्रेमळ निरीक्षणात.

आपल्या आजीबाईंच्या पेटीतील तांबडे, चौकटींचे सुती लुगडे आठवावे. गोव्यातील कुणबी साडीही अशाच चौकटींची. ही चौकट कोणी कागदावर काढून मागाकडे पाठविलेली नाही. ताण्यातील रंगीत सूत बाण्यातील रंगीत सुताला छेदते आणि चौकट आपोआप सिद्ध होते. नक्षी येथे कापडावर नाही, कापडातच आहे. शेतात, बाजारात, चर्चमध्ये वावरणाऱ्या कष्टाळू स्त्रीला शोभेल आणि पेलेल असे हे वस्त्र आहे. मातिस यांच्या वस्त्रांत जी उणीव आपण नोंदविली, ती या निनावी लुगड्यात नाही. अभ्यासकांनी याची दखल घ्यावी.

गोव्याचे वस्त्रकल्पक वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी कुणबी साडीच्या पुनरुज्जीवनासाठी झटून काम केले आणि २०१२ साली 'मोडा गोवा' हा गोव्याच्या पेहरावाचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला. त्यांच्या प्रयत्नांतून हे स्पष्ट झाले की, वारसा जपायचा तर विणकर जपावा लागतो. आपल्याकडे मात्र लुगडे वर्षातून एकदा, संस्कृती-महोत्सवाच्या मंचावर, नाचापुरते बाहेर येते. तेही अनेकदा यंत्रमागावरचे, छापील चौकटींचे असते. छापील चौकट ही ताण्याबाण्याची केवळ सावली आहे. तिच्यामुळे विणणाऱ्याच्या घरची चूल पेटत नाही.

याचा अर्थ जुनी लुगडी कापून त्यांचे स्टोल शिवावेत, असा मुळीच नाही. आजीचे लुगडे आजीचे आहे. ते तिच्या लेकीसुनांकडे राहावे. शिकण्याजोगी आहे ती रीत. आपल्या परिसरात काय कमी आहे ? झावळ्यांच्या रविवारी आपण हाती धरतो ती माडाची झावळी, पानमळ्यातील वेलीचे हृदयाकार पान, कोळीवाड्यात वाळत घातलेल्या जाळ्याची वीण, भरती ओसरल्यावर ओल्या वाळूवर उमटलेल्या लाटांच्या रेषा. यांपैकी एकेका रूपाकडे एखादा तरुण कलावंत वर्षानुवर्षे पाहत राहिला आणि एखाद्या विणकराशेजारी बसून ते रूप सुतात कसे उतरते हे त्याने समजून घेतले, तर आपल्या वेदीवर जे वस्त्र येईल, ते येथलेच असेल. जाळे आणि मासे यांचा तर शुभवर्तमानाशी संबंध सांगण्याचीही आवश्यकता नाही.

आपल्या धर्मग्रामांत नवदीक्षित धर्मगुरूला त्याच्या पहिल्या मिस्सेसाठी कुटुंबीय आणि आप्तेष्ट मोठ्या प्रेमाने वस्त्र भेट देतात. दुकानात जाऊन अधिक चकाकणारे, अधिक भरलेले ते अधिक आदराचे, असे मानून निवड केली जाते. यापुढे त्या निवडीपूर्वी तीन साधे प्रश्न विचारावेत, अशी माझी वाचकांना विनंती आहे. हे कापड कोणी विणले ? यावरील रूप येथल्या कोणी पाहिलेले आहे काय ? आणि हात पसरल्यावर हे वस्त्र प्रार्थनेला साथ देईल की अडवील ? हातमागाचे साधे, शुभ्र वस्त्र आणि त्याला आपल्या चौकटीचा एक अरुंद काठ, एवढ्यानेही आरंभ होऊ शकतो. खर्च कदाचित थोडा अधिक पडेल, शोधाशोध निश्चितच अधिक करावी लागेल. पण त्या वस्त्रात जेव्हा आपला मुलगा वेदीपाशी उभा राहील, तेव्हा त्याच्यासोबत त्याच्या गावची झावळी, गावचे जाळे आणि एका विणकराचे श्रमही वेदीपर्यंत पोहोचतील. आणि त्या विणकराचे नाव निदान आपल्याला ठाऊक असेल.